रुतलेला रणगाडा आणि सुटा भाग

वऱ्हाडची काळी जमीन पिकाला माउली खरी. परंतु पावसाळ्यांत ती चाकाची वैरीण होते. कामरगावच्या बाजूस भरली गाडी आंसापर्यंत रुतली, म्हणजे शेजाऱ्याची बैलजोडी पुढें जुंपून ती काढावी लागते. आंसच मोडला असेल, तर नवा मिळेपर्यंत गाडी तेथेंच. लढायांचे इतिहासकार तोफा कशा धडाडल्या हें सांगतात. रुतलेली तोफ कोणी काढली, हें क्वचितच सांगतात. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

प्रथम आमच्याच प्रांतांतील उदाहरण पाहूं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई जिंकून वेल्स्ली गाविलगडाकडे वळला. गडाच्या उत्तर अंगास जाण्यासाठीं स्टीव्हन्सनच्या सैन्यानें स्वतः रस्ते करीत, जड तोफा हातांनीं ओढीत डोंगर ओलांडला. १५ डिसेंबरला गड पडला. त्या यशांत दोरखंडाचा वाटा दारूगोळ्याहून कमी नव्हता.

रणगाड्याच्या जन्मापासून हीच अडचण त्याच्या पाठीस लागली. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या मोहिमेंत तो प्रथम उतरला, तेव्हां नेमलेल्या ४९ पैकीं सुमारें ३२ च आरंभाच्या जागीं पोहोंचले; बाकीचे वाटेंत बिघडले किंवा रुतले. दुसऱ्या महायुद्धांत यावरील उपाय रूढ झाला. रणगाड्याचाच सांगाडा घ्यावयाचा, तोफेचा बुरूज उतरवावयाचा, आणि तेथें विंच, क्रेन व जमिनींत रोवावयाचें पोलादी फावडें बसवावयाचें. हीच चिलखती ओढगाडी. चिखलांत बसलेला रणगाडा काढण्यास कधीं त्याच्या वजनाहून अधिक ओढ लागते; फावडें रोवलेलें नसेल, तर ओढणारी गाडीच पुढें सरकावयाची! हिंदी सैन्यांतहि अशा कामांसाठीं १५ ऑक्टोबर १९४३ रोजीं विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांचें स्वतंत्र दल झालें.

या कामाचें मोल १९६५ सालीं दिसलें. खेमकरणजवळ असल उत्तर येथें पाण्यानें भरलेल्या शेतांत अनेक पाकिस्तानी पॅटन रणगाडे रुतले, आणि रणभूमि भारतीयांच्या हातीं राहिल्यामुळें ते शत्रूस परत नेतां आले नाहींत.

परंतु ओढून आणलेला रणगाडा सुट्या भागावांचून पुन्हां चालत नाहीं, आणि ओढगाडीचीहि तीच स्थिति आहे. पोलंडची डब्ल्यूझेडटी-२ टी-५५ च्या, तर डब्ल्यूझेडटी-३ टी-७२ च्या सांगाड्यावर उभी आहे. जोंपर्यंत रणगाडा आणि ओढगाडी एका कुळांतील असतात, तोंपर्यंत एकच सुटा भाग दोघांना चालतो. रणगाडा सेवेंतून निघाला, कीं मागें राहिलेली ओढगाडी पोरकी होते. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला, तेव्हां सुट्या भागांची नित्याची वाट अडली, आणि विकत घेतलेल्या यंत्राचा अर्धा ताबा विकणाऱ्याकडेच राहतो, हें आपणांस कळलें.

म्हणून खडकीच्या सैनिकी कारखान्यांत चिलखती वाहनें मुळापासून उकलून पुन्हां जोडणारा कारागीर आम्हांस सैनिकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. गांवांत गाड्या कितीहि असोत, आंस घडविणारा सुतार परगांवचा असेल, तर ऐन पेरणींत त्या गांवानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?