पेरूच्या समुद्राचा जमाखर्च

पेरूच्या किनाऱ्यालगत वाहणारा दक्षिणेचा वारा आणि पृथ्वीचे भ्रमण मिळून वरचे पाणी दूर लोटतात. त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. हा गारवा हुंबोल्टने १८०२ मध्ये मोजला. या पाण्याबरोबर कुजलेल्या जीवांचे नत्र, स्फुरद आणि कर्बवायूही वर येतात. काही कर्बवायू हवेत निसटतो; उरलेला व हे खत घेऊन सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर आंचोवेता मासळी पोसते.

१९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक मासळी उपसली गेली. बहुतेकीची भुकटी होऊन परदेशी कोंबड्या-डुकरांना गेली. १९७२ मध्ये एल निनोचे उबदार पाणी पसरले, खालून येणारे खत आटले आणि मासळी कोसळली. १९७३ मध्ये सरकारने धंदा ताब्यात घेतला. तरी हजारोंची रोजी बुडाली. वारा कोणाच्या हुकमतीत नाही, जाळे मात्र आहे. ते किती टाकावे, हे ठरवताना जाळे ओढणाऱ्यालाही विचारले पाहिजे.