व्ही. शांताराम : दिग्दर्शनातील विविधता आणि तिचे अधिष्ठान

हॉलिवूडच्या सुवर्णकाळात दिग्दर्शक हा बहुधा चित्रसंस्थेचा वेतनदार असे. विषय संस्था ठरवी. कसबी दिग्दर्शक आज विनोदी कथा, तर उद्या गुन्हेगारी कथा निभावून नेई. त्याच कालखंडात व्ही. शांताराम (१९०१-१९९०) यांनी तितकेच भिन्न विषय हाताळले. मात्र त्यांची विविधता हुकमाची नव्हती, ती मालकीतून आलेली होती. त्यांच्या मूल्यमापनात हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची उमेदवारी झाली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. पौराणिक ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) नंतर अवघ्या पाच वर्षांत ते ‘कुंकू’पर्यंत पोहोचले.

ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारित ‘कुंकू’ (१९३७) मध्ये जरठ विधुराशी लावून दिलेले लग्न नाकारणारी नीरा शांता आपटे यांनी साकारली. या चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. प्रसंगातील स्वाभाविक ध्वनीच तेथे संगीताचे कार्य करतात. घड्याळाचा ठोका वृद्ध पतीच्या सरत्या आयुष्याची जाणीव देतो. बोलपट गाण्यांच्या आधारे चालत असताना असा संयम पत्करणे हे धाडसच होते, आणि ते पगारी दिग्दर्शकास क्वचितच परवडले असते. ‘माणूस’ (१९३९) मध्ये पोलीस शिपाई व वेश्या यांचे प्रेम आले. ‘शेजारी’ (१९४१) मध्ये हिंदू-मुस्लिम स्नेह आला, तोही पाकिस्तानच्या मागणीने वातावरण तापलेले असताना.

१९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. आता मालकी एकट्याची झाली. प्रभातमध्ये कलादिग्दर्शन सांभाळणारे फत्तेलाल आणि ध्वनिमुद्रण पाहणारे दामले भागीदारीच्या नात्याने शेजारी उभे होते. राजकमलमध्ये त्या तोलाचा भागीदार नव्हता. उत्तरकाळातील अलंकरणाचा सोस, विशेषतः ‘नवरंग’ (१९५९) मधील, यातून काही अंशी उलगडतो.

तथापि हा सरळ ऱ्हासाचा आलेख नव्हे. टेक्निकलरमधील ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) यशस्वी झाल्यावरही ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) साठी त्यांनी कृष्णधवल माध्यमच निवडले. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाच्या प्रयोगावर बेतलेल्या, ग. दि. माडगूळकरांच्या त्या कथेस रंग मानवले नसते. १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात या चित्रपटास रौप्य अस्वल मिळाले.