पलंगाखालचं दुकान

घरातून लुगडी-साड्या विकायच्या तर आदिलाबादेत आधी पाऊस सांभाळावा लागतो. तेलंगणात भरपूर पाऊस पडणाऱ्या भागांत आमचा जिल्हा येतो. मृग लागला की लोकांच्या हातचा पैसा बियाण्याला आणि खताला जातो. लग्नसराईतून उरलेला माल मग दसऱ्यापर्यंत हलत नाही. घरात माल तुंबलेला आणि भिंतींना ओल, हे दोन्ही नेमकं एकाच वेळी. हा धंदा आजेसासूबाईंनी सुरू केला, सासूबाईंनी वाढवला, आता मी करते. तिघींचा माल वेगळा, म्हणून तो जपण्याची तऱ्हाही वेगळी.

आजेसासूबाईंचा काळ निजामाचा. पैनगंगेच्या अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. पलीकडून कापड आणलं की करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची. शिवाय हिशेब दोन नाण्यांत, निजामाच्या सात हाली रुपयांना इंग्रजांचे सहा कलदार. नांदेडच्या उस्मानशाही मिलचं कापड संस्थानातलंच, त्याला नाका आडवा येत नसे. त्यामुळे धोतरं आणि रोजची लुगडी तिकडची, आणि नागपुरी काठाचं लुगडं नदी ओलांडून आलेलं. जकात भरून आणलेलं असं लुगडं खराब झालं तर भरपाई कुठून करणार? म्हणून जपणूक फार कडक होती.

घर मातीचं, वर कवेलू. माल भिंतीला टेकवायचा नाही हा पहिला नियम, कारण वाळवी भिंतीतूनच येते. लुगडी जुन्या धोतरात बांधून गाठोडी आढ्याला टांगलेली असत, म्हणजे उंदरांनाही सहज पोचता येत नसे. नव्या कापडाला खळ असते आणि कसरीला खळ फार आवडते. विकायचं लुगडं धुता तर येत नाही, धुतलं की ते नवं राहत नाही. म्हणून घड्यांत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला. हा पाला सावलीत खडखडीत वाळलेला लागतो. जरा ओलसर राहिला तर काठाजवळ हिरवट-तपकिरी डाग पडतो, आणि तसल्या लुगड्याला गिऱ्हाईक हात लावत नाही. सासूबाई पाला मुठीत चुरून बघत. आवाज आला तरच तो आत जायचा. मी अजून तसंच करते.

संस्थान गेलं, करोडगिरी गेली आणि 1956 मध्ये जिल्हा आंध्र प्रदेशात आला. कचेऱ्यांमध्ये तेलुगू माणसं आली, त्यांच्या घरच्या बायका सहावारी मागू लागल्या, भरजरी आणि गडद रंगाच्या. सासूबाईंनी पत्र्याच्या दोन ट्रंका घेतल्या, एक नऊवारीची आणि एक सहावारीची. त्या पलंगाखाली विटांवर ठेवलेल्या असत. नऊवारीच्या ट्रंकेत डांबरगोळ्या चालत, जरीच्या ट्रंकेत नाही, कारण त्यांच्यामुळे जर काळवंडते. जरीच्या साड्या एकेक करून मलमलीत गुंडाळायच्या आणि भाद्रपदात ऊन पडलं की बाहेर काढून घडी मोडायची. एकाच घडीवर वर्षभर राहिलेली रेशमी साडी त्याच रेषेवर चिरते. सुती लुगडी उन्हात, रेशीम सावलीत. त्या दिवशी शेजारणी येऊन बसत, पाहता पाहता दोन-चार विकलीही जात. जपणं आणि दाखवणं एकदमच व्हायचं, आणि मला वाटतं सासूबाईंचा निम्मा धंदा त्या उन्हानंच केला. उधारी कापूस मार्केट यार्डात गेल्यावर फिटायची. त्यामुळे वही आणि ट्रंक, दोन्ही कापसाच्या भावावर भरत आणि रिकामी होत.

पुढे नायलॉन, टेरिलीन आणि पॉलिस्टर आलं. कसर त्याला सहसा शिवत नाही, घडी चिरत नाही, पाल्याची गरज नाही. 1982 मध्ये ग्रामीण बायकांच्या गटांसाठी डवाक्रा योजना सुरू झाली. पुढे बचत गट वाढले आणि बायकांच्या हाती भांडवल आलं. आधी व्यापारी जेवढा उधार देई तेवढाच माल घरात असे. कर्ज मिळू लागल्यावर ट्रंकांची खोली झाली. ही मोठी गोष्ट होती, आणि त्या बायकांचा मला अभिमान वाटतो. पण पॉलिस्टरला एक रोग आहे, त्याचं डिझाईन जुनं होतं. लुगड्याचा काठ पिढ्यानपिढ्या तोच चाले. छापील साडी एका लग्नसराईतून राहिली की पुढच्या वर्षी मुली तिच्याकडे बघतही नाहीत. त्याला वेखंडाचा काय उपयोग?

2017 मध्ये दसऱ्याच्या सुमाराला येणाऱ्या बतुकम्माच्या सणाला तेलंगणा सरकारनं सिरसिल्लाच्या यंत्रमागांवरच्या साड्या वाटायला सुरुवात केली. तिथल्या विणकरांना काम मिळालं, चांगलंच झालं. मी मात्र स्वस्त साडी दसऱ्यासाठी भरणं कमी केलं. माझी भाची तर माल भरतच नाही. ती फोनवर फोटो पाठवते, पैसे आले की सुरतेहून मागवते. तिच्या घरी एक कपाटही नाही, आणि तिचं बरं चाललंय.

तरी एक माल मला भरून ठेवावाच लागतो. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिथे गोंडांच्या मेसराम कुळातल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात, आणि त्या पांढरं नेसतात. पांढरं कापड जपायला सगळ्यांत अवघड. ओल लागली की घडीवर पिवळी रेघ उमटते, लोखंडी कपाटाला घासलं की गंजाचा डाग पडतो, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं तर शाई उतरते. सुनेच्या पहिल्या भेटीला असलं वस्त्र कोण नेसवील? तो माल मी पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या सुमाराला नागपूरहून आणते, विकायच्या आधी ओलीत फार दिवस ठेवत नाही. आला की धुतलेल्या मलमलीत बांधते, लाकडी फळीवर सुटा ठेवते, दर आठवड्याला वरची घडी खाली घालते. गिऱ्हाइकाला दाखवताना आधी हात धुते.