मीठ, कोळसा आणि एक घागर पाणी

चैत्र सरत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या शिवारात एक वेगळंच पाणी घालणं सुरू होतं. ते झाडाला नसतं, जनावरालाही नसतं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीखाली किंवा डीपीच्या खांबाशी जमिनीतून वीतभर वर आलेला गंजका पाइप असतो. त्याच्या तोंडात घागर रिकामी होते. "अर्थिंग सुकलंय" एवढंच कारण दिलं जातं. वायरमन आला तर तो आणखी एक औषध सांगतो: "दोन किलो जाडं मीठ टाका, आणि असला तर कोळसा." ज्या मुलखात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे लोखंडाला पाणी पाजायचं ही कल्पना परक्याला गमतीची वाटेल. तिचं कूळ मात्र पावणेतीनशे वर्षांचं आहे.

मूळपुरुष बेंजामिन फ्रँकलिन. पतंगाच्या गोष्टीमुळे तो सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्या गोष्टीचं खालचं टोक सहसा कोणी सांगत नाही. 1753 च्या आपल्या पंचांगवजा वार्षिकात त्याने घरावर विजेची सळई कशी बसवावी हे सांगितलं. वरचं टोक इमारतीच्या वर सहा-आठ फूट, आणि खालचं टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत. त्यातला 'ओल्या' हा शब्द महत्त्वाचा. जमीन म्हणजे नुसता आधार नव्हे आणि कोरडी माती वीज धड घेत नाही, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं. किती कोरडी, किती ओली, हे मोजायचं साधन मात्र कोणाकडे नव्हतं.

पुढची पिढी तारायंत्राची. 1838 साली म्युनिकचा कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल न्यूरेंबर्ग–फ्यूर्थ रेल्वेचे रूळच तार म्हणून वापरता येतील का, ते पाहत होता. प्रयोग फसला, कारण वीज एका रुळातून दुसऱ्यात जमिनीतूनच पळत होती. हाच दोष त्याने उलटा कामाला लावला. जमीन एवढी वाहते, तर परतीची तार हवी कशाला? दोन्ही टोकांना तांब्याचे पत्रे पुरले आणि एका तारेवर संदेश चालला. तारेचा निम्मा खर्च वाचल्यावर जगातली तारखाती जमिनीच्या प्रेमात पडली नसती तरच नवल. हिंदुस्थानात 1855 साली तार सर्वांना खुली झाली. इंग्रजांच्या तोंडचा 'अर्थ' मराठीत आला तो अर्थातच पृथ्वी या अर्थाने, पण लिहिताना तो आपल्या जुन्या 'अर्था'त बेमालूम मिसळला. अमेरिकी लोक यालाच 'ग्राउंड' म्हणतात. आपण तो शब्द घेतला असता तर 'याला अर्थच नाही' हा वायरमनचा शेरा विनोदाला मुकला असता.

पुरलेला पत्रा ओला कसा ठेवायचा, या अडचणीतून कोळसा आला. लंडनमध्ये विजेच्या सळयांविषयी भरलेल्या परिषदेच्या 1882 सालच्या नियमांत तीन फूट चौरस तांब्याचा पत्रा कायम ओल्या जमिनीत पुरून भोवती कोक किंवा राखेचे खडे भरावेत, अशी सूचना आहे. कोक स्वतः वीज वाहतो आणि पत्र्याला मातीशी जास्त अंगाने भिडवतो. आपल्याकडे कोक दुर्मीळ, म्हणून लाकडी कोळसा आला. तो कोकइतका वाहत नाही, पण भोकाभोकांत ओल धरून ठेवतो. मराठीत त्याचं नाव लोणारी कोळसा. चुना आणि कोळसा भाजणारा, मिठाशीही जुनं नातं असलेला लोणारी समाज; आणि 'लोण' म्हणजे लवण, मीठ. अर्थिंगच्या खड्ड्यात थरावर थर पडणारे हे दोन जिन्नस या एकाच नावात आधीपासून शेजारी बसले होते!

मिठाला कागदोपत्री प्रतिष्ठा मिळाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. 1915 साली अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या फ्रँक वेनरने चार खुंट्या ठोकून मातीचा रोध मोजायची रीत मांडली आणि 1918 साली त्याच संस्थेच्या पीटर्सने जमिनीशी जोडण्याच्या पद्धतींवर सविस्तर निबंध काढला. यातून निघालेला निष्कर्ष ऐकायला साधा, पण सळई विकणाऱ्याला न आवडणारा होता. रोध धातूत नसतोच, तो मातीत असतो. आणि त्यातला बहुतेक भाग सळईभोवतीच्या पहिल्या काही फुटांतच. सळई दुप्पट जाड केली तर रोध दहाएक टक्क्यांनी उतरतो. दुप्पट लांब केली तर सुमारे चाळीस टक्क्यांनी. आणि भोवतालच्या मातीत खारं पाणी मुरवलं तर त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. मिठाचे आयन पाण्यात मोकळे होतात आणि तेच प्रवाह वाहून नेतात. पाणी नसेल तर खड्ड्यातलं मीठ डब्यातल्या मिठाइतकंच निरुपयोगी.

भारतात 1956 च्या वीज नियमांनी मोटारीच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थ सक्तीचे केले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. योगायोगच, पण पुढे इथल्या विहिरीवर बसलेली प्रत्येक मोटार त्या नियमाखाली आली. 1966 साली आयएस 3043 ही अर्थिंगची भारतीय संहिता निघाली. 1987 आणि 2018 मध्ये ती सुधारली. अडीच मीटर लांब, 38 मिलिमीटर पोकळीचा जस्ताळ पाइप किंवा 60 सेंटिमीटर चौरस पत्रा, भोवती मीठ-कोळसा, वर पाणी ओतायला नरसाळं ही आकृती आयटीआयच्या पोरांच्या वहीत पाठ झाली. दोन स्वतंत्र अर्थांचं काय झालं, ते शिवारात हिंडणाऱ्याने स्वतः मोजावं. एक सापडला तरी पुष्कळ.

रोध कमी का हवा, हे एका हिशोबात कळतं. तीन मीटरची बोटभर जाडीची सळई घ्या आणि 1936 साली अभियंता ड्वाइटने दिलेलं सूत्र लावा. मांजरा-तेरणेच्या काठची ओली काळी दहा ओहम-मीटरची धरली, तर सळईचा रोध सव्वातीन ओहमच्या आसपास येतो. मोटारीच्या अंगात 230 व्होल्टचा फेज उतरला तर साधारण सत्तर अँपिअर जमिनीत जातात आणि फ्यूज उडतो. तीच सळई बालाघाटच्या माळावर, मुरूम संपून बेसाल्ट लागतो तिथे हजार ओहम-मीटरच्या जागी ठोकली, तर रोध सव्वातीनशेवर. जमिनीत जाणार जेमतेम पाऊण अँपिअर. फ्यूजला त्याची गंधवार्ताही लागत नाही. मोटार फिरत राहते, तिचं अंग जिवंत राहतं, आणि पहिल्यांदा कळतं ते अनवाणी माणसाला. म्हणून खडकाळ जागी नुसत्या मिठावर विसंबण्यापेक्षा, गळतीचे तीस मिलिअँपिअर ओळखून तुटणारा स्विच बसवणं शहाणपणाचं.

जुनी माणसं बोअरच्या लोखंडी केसिंगला अर्थची तार बांधत. युक्ती उत्तम, कारण ते खोल ओलीपर्यंत गेलेलं भलं मोठं अर्थिंगच. मग पीव्हीसीचं केसिंग आलं. तार बांधायची सवय काही ठिकाणी तशीच राहिली, प्लॅस्टिकला बांधलेली.

श्टाइनहाइलची युक्तीही शिवारात स्वतंत्रपणे पुन्हा जन्माला आली. शेतीच्या लाइनवर एखादाच फेज जिवंत असला की वस्तीवरचा एखादा उचापत्या बल्बची एक तार फेजला आणि दुसरी जमिनीतल्या सळईला लावतो. बल्ब मिणमिणतो, सळईला पाणी घातलं की उजळतो. फ्रँकलिनचा 'ओल्या' हा शब्द यापेक्षा स्वच्छ शिकवता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये लॉइड मँडेनोने 1925 च्या सुमारास याच तत्त्वावर दूरच्या वाड्यांना एका तारेने वीज पोहोचवली, पण वेगळं रोहित्र आणि जपून केलेलं अर्थिंग वापरून. वस्तीवरच्या सळईभोवती मात्र जमिनीवरच व्होल्टेजचा उतार तयार होतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून धक्का त्याला माणसापेक्षा मोठा बसतो.

मिठाचे दोन अवगुण पीटर्सच्या काळापासून माहीत आहेत. पाऊस त्याला धुऊन नेतो, आणि असेपर्यंत ते लोखंड खातं. जमिनीवर दिसणारा पाइप धडधाकट, तार घट्ट, आणि दोन फूट खाली पाइपच शिल्लक नाही, असं उकरल्यावर दिसतं. यावर बाजाराने काढलेला उतारा म्हणजे पिशवीतून येणारं 'केमिकल अर्थिंग'. त्यातल्या अनेक पिशव्यांत मुख्य माल असतो बेंटोनाइट. ही फुगणारी चिकणमाती, अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडलेली, 1898 साली विल्बर नाइटने तिथल्या बेंटन शेलवरून नाव दिलेली. तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या दख्खनच्या काळ्या मातीतही याच कुळातलं खनिज भरलेलं आहे. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या पिशवीची भावकी शेतकऱ्याच्या पायाखालीच पसरलेली. मात्र भावकीचा स्वभावही तोच. ओल असेल तर फुगून सळईला कवटाळते, सुकली की आकसते. वैशाखात काळी हातभर भेगाळते तेव्हा सळई आणि माती यांच्यात फट पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाचे ढग कडाडत येतात.

काही ठिकाणी सळईच टाळली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला ॲरिझोनाच्या रखरखाटात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग हवं होतं. हर्बर्ट उफरने पायाच्या काँक्रीटमधलं लोखंडच अर्थ म्हणून वापरलं. काँक्रीट आजूबाजूची जमीन सुकली तरी आतली ओल सहज सोडत नाही. वीसेक वर्षांनी तपासलं तेव्हाही रोध पाच ओहमच्या आत होता. धाराशिवच्या माळांवर आज उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या अवाढव्य पायांतलं लोखंड हीच उफरची रीत चालवतं. विजेच्या लोळासाठी त्यांचा रोध शक्यतो दहा ओहमच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची शिफारस आहे. माळाखालच्या मोटारीला मात्र पाइप, नरसाळं आणि घागर.

मग मृग बरसतो. काळीच्या भेगा मिटतात, सळईभोवतीची फट बुजते आणि अर्थ टेस्टरवरचा आकडा कोणी काही न करता उतरतो. मे महिन्यात मीठ टाकायला सांगणाऱ्या वायरमनचा शब्द खरा ठरतो, आणि त्याच पावसात त्याचं मीठ विरघळून ओढ्याच्या वाटेला लागलेलं असतं.