काचेतला तलाव

लालबागला चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती. एका रविवारी वडील आम्हा भावंडांना तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला घेऊन गेले. एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर (आता त्याला प्रभादेवी म्हणतात) गाडी पकडायची, चर्नी रोडला उतरायचे आणि पूल ओलांडला की समोर समुद्र. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या मत्स्यालयाचे उद्घाटन झाले होते. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दोन लाख रुपये दिले, म्हणून त्यांचे नाव. मुंबईतल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच.

तिथून परतलेल्या मुलाला दुसरे काय हवे असणार? वडिलांकडे आठवडाभर हट्ट धरला, क्रॉफर्ड मार्केटमधून तीन सोनेरी मासे पिशवीतून आणले आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत सोडले. पाणी स्वच्छ असावे म्हणून मी रोज सकाळी नळ आला की सगळे पाणी बदलायचो. चौथ्या दिवशी एकही मासा उरला नाही. मी रडत बसलो, तेव्हा वेंगुर्ल्याकडून आलेली आजी म्हणाली, ‘‘अरे, नुसत्या पाण्यात मासा जगेल कसा? तळ्यात शेवाळ असतं, चिखल असतो. तू तळं आणलंसच नाहीस.’’

आजी शाळेत गेली नव्हती. पण ती जे बोलली ते माणसाच्या ध्यानात यायला युरोपातल्या प्रयोगशाळांत जवळपास ऐंशी वर्षे लागली होती, हे मला पुढे वाचनातून कळले.

१७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिलेल्या बंद भांड्यातल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. वनस्पती बिघडलेली हवा सुधारते, एवढे त्याला समजले. पण प्रयोग कधी साधे, कधी फसे. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने त्याचे कारण शोधले. त्याने पाने पाण्यात बुडवून ठेवली. उन्हात पानांवर बुडबुडे धरत, अंधारात ते थांबत. वनस्पती प्राणवायू देते ती प्रकाश असतानाच. रात्री तीही आपल्यासारखीच श्वास घेते आणि प्राणवायू वापरते.

पुढची गोष्ट आम्हा गिरणगावकरांना जवळची वाटावी. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. कोळशाच्या धुराने त्यांची नेच्याची झाडे मरत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत आपोआप एक नेचा आणि थोडे गवत उगवले आणि बाहेरच्या धुरात जे जगत नव्हते ते आत टिकले. वॉर्डच्या या काचेच्या पेट्यांतून पुढे देशोदेशीची झाडे जहाजांवरून फिरली. चीनमधली चहाची रोपे भारतात आली तीही अशाच पेट्यांतून.

मग १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तोच विचार पाण्यात नेला. मोठ्या काचपात्रात वाळू, माती, पाणी, व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती आणि दोन छोटे सोनेरी मासे. वनस्पती प्राणवायू देईल, माशांच्या मळावर वाढेल, पाणी बदलावेच लागणार नाही, असा हिशेब. सुरुवात चांगली झाली, पण जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ, बुळबुळीत झाले. वॉरिंग्टन तळ्याकडे पाहायला शिकलेले होते. त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली. वनस्पती, मासा, गोगलगाय असा तिघांचा संसार जमला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला.

म्हणजे घरातल्या काचेच्या टाकीचा जन्म वनस्पतीच्या प्रयोगातून झाला. मासा त्यात पाहुणा म्हणून आला. आपण मात्र पाहुण्याला ठेवले आणि यजमानाला घराबाहेर काढून त्याच्या जागी प्लॅस्टिकची झाडे उभी केली.

असे का झाले असावे? मला वाटते, याचे एक उत्तर आपल्या शहराच्या इतिहासात आहे. गिरगावच्या आसपासची नावे आठवा : धोबी तलाव, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव, गोवालिया टँक. एके काळी हे खरेखुरे तलाव होते. मुंबई त्यांचे आणि विहिरींचे पाणी पीत होती. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले, मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. जुन्या तलावांची गरज संपली, रोगराईची धास्ती वाढली आणि एकेक तलाव बुजवला गेला. विहिरींवरही संक्रांत आली. डास हिवताप पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवले होते. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईतल्या हिवतापाचे खापर घरांच्या आणि गिरण्यांच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांवर फोडले. विहिरी झाकल्या, बुजवल्या. डासांच्या अळ्या खाण्यासाठी मासे सोडण्याचा उपायही आला. महापालिकेचे लोक सोडतात ते गप्पी मासे आपल्या ओळखीचे आहेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, पण चाळीतल्या किती मुलांचा तो पहिला पाळीव मासा असेल!

तलाव बुजवणे चूक होते, असे मी म्हणणार नाही. हिवतापाने माणसे मरत होती. पण त्याबरोबर एक ओळखही बुजली. साचलेले पाणी म्हणजे घाण, हिरवे म्हणजे अस्वच्छ आणि नळाचे पारदर्शक पाणी म्हणजे शुद्ध, असे समीकरण मनात बसले. मी बरणीतले पाणी रोज बदलत होतो ते याच समजुतीने.

खरे म्हणजे त्या बरणीत काय घडत होते? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. तळ्यातल्या मातीत, दगडांवर, पानांवर सूक्ष्म जिवाणू असतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खत म्हणून शोषतात. नव्या काचपात्रात हे जिवाणू पुरेसे व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. माझ्या बरणीत ना वाळू होती, ना पान. वर ताज्या नळाच्या पाण्यातले क्लोरीन रोज नव्याने पडत होते.

म्हणून आज कोणी मला विचारले, की पहिली टाकी कशी लावू, तर मी सांगतो, आधी झाडे लावा, मासे महिन्याने आणा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. नवशिक्याला ती पुरे. बरणीपेक्षा अशी टाकी सांभाळणे सोपे, कारण जास्त पाणी सावकाश बिघडते. तळाशी धुतलेली बारीक खडी दोन-तीन इंच. नळाचे पाणी बादलीत एक रात्र उघडे ठेवून मग वापरायचे. व्हॅलिस्नेरियाची मुळे खडीत जातील, पण जिथून पाने फुटतात तो गड्डा वर राहील असे लावायचे; तो पुरला तर रोप कुजते. दिवा सात-आठ तास. खिडकीतले थेट ऊन नको, त्याने झाडांआधी शेवाळ वाढते. पहिल्या पंधरवड्यात काही पाने गळतात. घाबरून उपटू नका. रोप नव्या पाण्याला सरावत असते. मग चार-सहा गप्पी. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, सगळे कधीच नाही. इंगेनहाउसची गोष्ट विसरू नका : रात्री झाडेही प्राणवायू घेतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर मासे जास्त झाले असे समजा.

झाडांसाठी परदेशाकडे पाहायची गरज नाही. दुकानात ‘अम्बुलिया’ नावाची नाजूक, पिसासारख्या पानांची वनस्पती मिळते. नाव परके वाटते ना? आपल्याकडे पाणथळ जागी आणि भाताच्या खाचरात आंबुली उगवते, तिच्याच कुळातली ही. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८३ मध्ये आपला देशी शब्द उचलून या वंशाला नाव दिले. शास्त्रात पुढे लिम्नोफिला हे नाव रूढ झाले, दुकानदारांच्या तोंडी मात्र अम्बुलिया टिकली. आपल्या खाचरातली आंबुली जगभर फिरून काचेच्या टाकीत शिरते आणि आपण तिला परदेशी समजतो.

मात्र तळ्यांतून, पठारांवरून रोपे उपटून आणू नका. कास पठारावरचा सातारी वायतुरा हीही पाणवनस्पतीच, पण ती जगात सातारा परिसराबाहेर नाही; तिथेच जाऊन पाहावी. वाढलेली रोपे नाल्यात किंवा तलावात फेकू नका, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्या तळ्यांतली साधी हायड्रिला १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून श्रीलंकेहून फ्लोरिडात गेली आणि तिथले जलमार्ग तिने गच्च भरून टाकले. उलट दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी शोभेसाठी आपल्याकडे आली आणि ती पवई तलावात आणि पंचगंगेत काय करते, ते आपण पाहतोच. छाटलेली रोपे वाळवून कुंडीत घाला, उत्तम खत होते.

तारापोरवाला मत्स्यालयाचे नूतनीकरण होऊन ते २०१५ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो होतो. २०२० मध्ये टाळेबंदीत ते बंद झाले. त्याच काळात घरी अडकलेल्या नातवाने हट्ट धरला. या वेळी मी बरणी आणली नाही. आम्ही टाकी लावली, आंबुली लावली आणि महिनाभर नुसते पाणी आणि पाने पाहत बसलो. ‘‘आजोबा, मासे कधी?’’ हा प्रश्न रोज. एका दुपारी दिव्याखाली पानांवर बारीक बुडबुडे धरले आणि मोत्यांच्या माळेसारखे वर जाऊ लागले. नातू नाक काचेला लावून बघत राहिला. त्या दिवशी त्याने माशांचे नाव काढले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)