आकाशातली इंग्रजी

विमानांच्या रेडिओवर इंग्रजी आली ती तात्पुरती सोय म्हणून. १९४४ साली शिकागोत देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. १९५१ मध्ये या संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक यांच्या बोलण्यासाठी इंग्रजीची शिफारस केली, तीही अधिक सोयीची बोली तयार होईपर्यंत. ती दुसरी बोली काही आली नाही.

मग इंग्रजीलाच घासूनपुसून घ्यावं लागलं. खरखरत्या रेडिओवर 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांची गल्लत होते, म्हणून पाचाला 'फाइफ' आणि नवाला 'नायनर' म्हणायचं ठरलं. 'थ्री'चा पहिला ध्वनी जगातल्या कितीतरी लोकांच्या जिभेवर बसत नाही. त्याचं 'ट्री' झालं. अक्षरं सांगायला अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माळ १९५६ मध्ये पक्की झाली. तिच्यातल्या 'ज्युलिएट'च्या शेवटी एक जादा टी आहे, कारण एकच असता तर फ्रेंच माणसाने तो उच्चारला नसता. परक्या जिभेची इतकी काळजी घेतलेली इंग्रजी मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

तरीही पुढचे नियम माणसं गेल्यावरच आले. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. डच कंपनी केएलएमच्या कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच विमान धावपट्टीवर पळवलं, ही मुख्य चूक. पण त्याच क्षणी सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, "वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ." विमान निघालं आहे, असं त्याला सांगायचं असावं, स्पॅनिश नियंत्रकाला वाटलं, ते टोकाशी थांबून आहे. तो "ओके" म्हणाला. थांबायला सांगणारं त्याचं पुढचं वाक्य, त्याच वेळी पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीच्या विमानाचा वैमानिक बोलू लागल्याने, केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोहोचलं नाही. पॅन अ‍ॅमचं विमान त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली. आता 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरतात; एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. नियंत्रकाची महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान हवेत धडकली. कझाक विमानाने १५,००० फुटांवर राहायचं होतं. ते त्याखाली आलं. ३४९ जण गेले. कझाक विमानातल्या कर्मचाऱ्यांचं इंग्रजी अपुरं होतं, हा मुद्दा चौकशीत आला आणि त्यानंतर भाषेच्या परीक्षेची हालचाल जोरात सुरू झाली. २००३ मध्ये नियम झाले, मार्च २००८ पासून ते लागू झाले. सहा पातळ्या, आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना किमान चौथी हवीच. चौथीवाल्यांची परीक्षा साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा होते.

सहाव्या पातळीला मात्र पुन्हा परीक्षा नाही, आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारे बहुतेक याच पातळीत जातात. ही सूट मला पटत नाही. घरच्या लकबीत भरभर बोलणारा, ठरलेले शब्द सोडून घरगुती वाक्प्रचार वापरणारा वैमानिक समोरच्या परभाषक नियंत्रकाला तितकाच गोंधळात टाकतो. सावकाश आणि ठरलेल्या शब्दांत बोलण्याची परीक्षा त्यांचीही दर काही वर्षांनी घेतली पाहिजे.