महाजालावरील साधने आणि इतिहासाचे अध्यापन

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांच्या त्या खंडास त्यांनी विस्तृत प्रस्तावना जोडली. कागद छापणे पुरेसे नाही, त्याची चिकित्साही वाचकापुढे ठेवली पाहिजे, ही दृष्टी तीत आहे. पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले (१९३०-३४).

असे जुने ग्रंथ महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकास मिळणे एकेकाळी दुरापास्त होते. या शतकाच्या प्रारंभी सुरू झालेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने ही अडचण पुष्कळशी दूर केली, २०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद पडल्यावरही त्यातील बहुसंख्य ग्रंथांच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर राहिल्या. मात्र तेथील मराठी ग्रंथनामे बहुधा रोमन लिपीत, तीही मनमानी वर्णलेखनाने नोंदलेली आहेत. देवनागरीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तो ग्रंथ नाहीच असे समजतो.

याहून गंभीर अडचण पुढची. शोधातून सापडलेले एकच पान वर्गात दाखवले जाते आणि पत्र प्रस्तावनेपासून तुटते. मग ते कोणी, कोणास, कोणत्या हेतूने लिहिले हा प्रश्नच उद्भवत नाही. तौलनिक साहित्याच्या वर्गात तर हेच प्रश्न प्रथम विचारावे लागतात: बखर आणि पत्र यांतील निवेदनाचा भेद त्यांवाचून कळत नाही. म्हणून अध्यापकाने दुवा द्यावयाचा तो पानाचा नव्हे, खंडाचा. आणि वाचनास आरंभ प्रस्तावनेपासून करावा.